चार बोटे प्ले

जुन्या जीपच्या स्टेअरिंगमध्ये एक मुलूख असा असतो, की तिथे कोणाचेच राज्य चालत नाही. चाक डावीकडे चार बोटे फिरवा, काही होत नाही. उजवीकडे तेवढेच परत आणा, तरी काही होत नाही. हातातले चाक फिरत असते आणि रस्त्यावरची चाके आपल्या आधीच्याच विचारात दंग असतात. पुण्याहून निघालेला हुकूम कचेऱ्या, कारकून आणि जासूद ओलांडत सरहद्दीवरच्या किल्लेदाराच्या हाती पडेपर्यंत पावसाळा संपावा, आणि किल्लेदाराने तोवर आपल्या मनाने जे करायचे ते करून टाकलेले असावे, तसा हा कारभार. गॅरेजवाले त्याला प्ले म्हणतात आणि तो बोटांनी मोजतात. दोन बोटे प्ले असला तर चालतो. तीन बोटे असला की मिस्त्री मान हलवतो. चार बोटे असला की तो गाडीकडे न बघता गाडीवाल्याच्या तोंडाकडे बघतो.

ओतूरच्या आमच्या आप्पांच्या जीपला, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या त्या लांब चेसीच्या, मागे कांद्याचा हौदा बसवलेल्या फोर बाय फोरला, चार बोटे प्ले होता. तो एका दिवसात आलेला नव्हता. मळ्याच्या वाटेवरचे दगड, माळशेजच्या पायथ्याचा चिखल आणि ग्रीस मारायचे पुढच्या महिन्यावर ढकलण्याची घराण्याची पद्धत, या तिघांनी मिळून तो वर्षानुवर्षे साठवलेला होता. इतर घरांत सोने साठते.

गाडीचे कुळ मात्र मोठे. दुसऱ्या महायुद्धात नाव कमावलेल्या विलीज जीपला युद्ध संपताच पोटापाण्याची चिंता पडली. १९४५ साली कंपनीने तिला गणवेश उतरवायला लावून शेतकऱ्याच्या दारात उभे केले. सीजे या नावातला सी हा सिव्हिलियनचा, म्हणजे निवृत्त सैनिकाने पाटीवर आधी लिहावे तसा. पुढे १९५३ मध्ये सीजे-३बी आली. तिचे नवे इंजिन उंच होते. एक झडप खाली ठोकळ्यात आणि एक वर डोक्यात अशी त्याची रचना असल्यामुळे ते जुन्या बॉनेटखाली मावेना. कंपनीने इंजिन न बदलता बॉनेटच उंच केले. म्हणून तिचा चेहरा कायम भुवया उंचावल्यासारखा दिसतो. कोणी काही चमत्कारिक बोलले आहे आणि ती सभ्यपणे ऐकून घेते आहे, असा. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. आपल्याकडे ती त्यानंतरही खूप वर्षे चालू राहिली. आपण एखाद्याला घरात घेतले की सहसा जा म्हणत नाही.

आपल्याकडे म्हणजे मुंबईत, माझगावला. महिंद्रांनी तिथे विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या कंपनीचा जन्मही मला फार हुरहूर लावतो. १९४५ मध्ये ती निघाली तेव्हा तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद होते. धंदा पोलादाचा. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये इकडे कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. दोन देश वेगळे झाले, भागीदार वेगळे झाले, पण एम अँड एम ही आद्याक्षरे होती तशीच राहिली. एवढ्या मोठ्या उलथापालथीत दोन अक्षरे जागची हलली नाहीत, याचे मला अजून नवल वाटते. मोठ्या घडामोडींनाही कुठेतरी थोडा प्ले असतो.

आप्पांनी गाडी घेतली ती सरकारी लिलावात. आधी ती कोणत्या खात्यात होती याबद्दल घरात दोन पंथ आहेत, पाटबंधारे आणि वनखाते. दोन्ही पंथांकडे पुरावा म्हणून हिरव्या रंगाचा एकेक पोपडा आहे. मागचे टप काढून तिथे लाकडी फळ्यांचा हौदा केला, आणि पाटबंधाऱ्याची किंवा वनखात्याची ती बाई शेतकऱ्याच्या घरी नांदू लागली. पावसाळ्यात मळ्याची वाट म्हणजे काळ्या मातीचा लोण्यासारखा गोळा होतो. तिथे ट्रॅक्टरसुद्धा दोनदा विचार करतो. आप्पा मात्र पुढच्या चाकांचा दांडा ओढून ‘फोर टाकला’ असे मोठ्याने जाहीर करायचे. गाडीत दुसरे कोणी नसले तरी करायचे. मग गाडी कण्हत, कुथत, पण एकही पाऊल मागे न घेता बांधापर्यंत पोचायची.

हौद्यात कांदा भरला की एक गंमत व्हायची. वजन मागच्या आसाच्याही मागे पडल्यामुळे गाडीचे नाक वर यायचे, पुढच्या चाकांवरचा भार कमी व्हायचा आणि स्टेअरिंग पिसासारखे हलके. त्या हलकेपणात चार बोटांची पाच बोटे व्हायची. अशा वेळी आप्पांच्या शेजारी बसून आळेफाट्याला जाणे हा एक आध्यात्मिक अनुभव होता. ते चाक सतत फिरवत असायचे. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, परत डावीकडे. लहानपणी मला वाटायचे की गाडी अशीच चालवतात. पुण्यात पहिल्यांदा एका मैत्रिणीच्या वडिलांच्या फियाटमध्ये बसले, तेव्हा त्या गृहस्थांचे हात चाकावर नुसतेच ठेवलेले बघून माझा जीव घाबरा झाला होता. हा माणूस गाडी चालवतच नाही, असे मला मनापासून वाटले.

आप्पांकडे या सगळ्याची मीमांसा तयार होती. त्यांची हयात बैलांमागे गेली होती. जीप आली ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर. ‘बैलाचा कासरा ओढला,’ ते सांगत, ‘की तो लगेच वळतो का? आधी कान हलवतो. मग मान. मग त्याला पटलं तर वळतो. जनावराला विचार करायला जागा द्यावी लागते, पोरी. गाडीलाही लागते.’ चार बोटांचा तो प्ले म्हणजे त्यांच्या लेखी गाडीचे मत होते, आणि दुसऱ्याचे मत पुरते ऐकून घेतल्याशिवाय वळायचे नाही ही वारकऱ्याच्या घरातली रीत होती. यांत्रिक अभियांत्रिकीत इतका लोकशाहीवादी विचार मी तरी दुसरीकडे ऐकलेला नाही.

पण त्यांच्या मुलाला, म्हणजे आमच्या भाऊला, लोकशाही मान्य नव्हती. श्रावणात मी ओतूरला गेले तेव्हा घरात तोच विषय पेटला होता. श्रावणी सोमवार, मांडवी नदीकाठी कपर्दिकेश्वराची जत्रा. कोरड्या तांदळाच्या उंच पिंडी पाणी नाही, डिंक नाही, तरी उभ्या राहतात. ते बघायला पंचक्रोशी लोटलेली. त्या गर्दीतून आप्पांनी जीप काढली आणि एका फुगेवाल्याला धर्मसंकटात टाकले. कोणाला काही लागले नाही. पण फुगेवाला जो म्हणाला ते भाऊच्या जिव्हारी लागले : ‘आजोबा, कुठल्या बाजूनं जाणार ते एकदा ठरवा, म्हणजे मी दुसऱ्या बाजूनं जातो.’

भाऊचे म्हणणे सरळ होते. आता पॉवर स्टेअरिंग बसवून टाकू. हल्ली जुन्या जीपला दुसऱ्या गाडीचे पॉवर स्टेअरिंग बसवून देतात, एका बोटाने गाडी वळते. आप्पा म्हणाले, ‘एका बोटानं वळायला ती काय पानाची डबी आहे?’ आणि वर, ‘ताकद कमी पडलीय असं कोण म्हणतंय?’ त्यांचा मुद्दा अगदीच अडाणी नव्हता. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्येच तेलाच्या दाबावर चालणारे स्टेअरिंग करून दाखवले होते. ते साध्या विक्रीच्या मोटारीत यायला १९५१ साल उजाडले, क्रायस्लर इंपीरियलमध्ये. मधली पंचवीस वर्षे जगभरचे लोक आपल्या दंडांनीच गाड्या वळवत राहिले आणि कोणी फार मोठी तक्रार केल्याचे दिसत नाही. शिवाय ज्या स्टेअरिंगचे सांधेच ढिले आहेत, त्याला ताकदीचा पंप जोडणे म्हणजे अफवेला लाउडस्पीकर लावण्यासारखे. हे शेवटचे वाक्य माझे नव्हे, नारायणगावच्या मिस्त्रींचे. भाऊ आप्पांना न सांगता त्यांच्याकडे जाऊन आला होता. ते म्हणाले, ‘आधी सांधे बघू. पंपाचं नंतर.’

सांधे बघणे हा प्रकार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला आणि तो मला कोर्टाच्या कामापेक्षा शांत आणि न्याय्य वाटला. इंजिन बंद. हेल्पर वर बसून चाक हळूहळू डावी-उजवीकडे हलवणार, फक्त त्या चार बोटांत. मिस्त्री खाली उताणे पडून एकेका सांध्यावर तळहात ठेवणार. डोळ्यांना दिसत नाही ते हाताला कळते. स्टेअरिंगच्या दांड्याच्या शेवटी एक पेटी असते. तिच्यात वळसेदार खोबण असलेला एक कॅम फिरतो. खोबणीत बसलेल्या खुंट्या सरकतात आणि पेटीबाहेरची ड्रॉप आर्म झुलते. ती एका लांब कांबीला ढकलते. कांब मधल्या बेलक्रँकला वळवते. बेलक्रँकला दोन टाय रॉड, डावा आणि उजवा. त्यांच्या टोकांना गोळ्यांचे सांधे. त्यापुढे चाकांचे हात, आणि चाक ज्यावर फिरते ते किंगपिनचे बेअरिंग, एक वर, एक खाली. म्हणजे माणसाच्या मनात आलेले वळण रस्त्यापर्यंत पोचायला एवढ्या घरांतून पुढे जाते, आणि प्रत्येक घरात थोडा वेळ बसते, चहा घेते.

भाऊची खात्री होती की दोष एकाचाच असणार. पेटी खराब असेल, ती बदलली की झाले. आपल्याला सगळ्यांनाच असा एक गुन्हेगार हवा असतो. मिस्त्री बराच वेळ खाली होते. मग हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, ‘ह्यात एकाचा दोष न्हाई. सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लंय.’ पेटीने अर्धे बोट. कांबीच्या दोन्ही टोकांनी मिळून अर्धे. टाय रॉडच्या सांध्यांनी एकेक चिमूट. किंगपिनने आपल्या हिश्शाचे. आणि बेलक्रँकने, जिच्याकडे कोणाचे कधी लक्षच गेले नव्हते, जी बंपरमागे खालच्या अंधारात चिखल खात बसलेली असते, तिने पुरते दीड बोट. सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीत हेच आढळते असे ऐकते. कोणालाच पकडता येत नाही, आणि तिजोरी रिकामी.

दुरुस्तीचे वर्णन मी सगळे करणार नाही. त्यातले बरेचसे हातोडी, रॉकेल आणि मौन होते. पण काही गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. किंगपिनचे बेअरिंग घट्ट किती करायचे, याला एक युक्ती आहे. वर-खाली पत्र्याच्या पातळ चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. एक काढली की बेअरिंग आवळते, एक घातली की सैलावते. पण नेमके किती आवळले हे कळणार कसे? तर चाकाच्या हाताला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवायचा, ओढायचे आणि हात हलू लागतो तेव्हा काट्यावर किती दिसते ते वाचायचे. मिस्त्रींचा काटा सापडेना. तेव्हा काकूंनी घरातला कांदा तोलायचा काटा पाठवून दिला. ज्या काट्यावर त्या जीपने आयुष्यभर वाहिलेला कांदा तोलला गेला, त्याच काट्यावर तिच्या गुडघ्यांची ताकद तोलली गेली. मिस्त्रींनी आकडा वाचला, एक शिम काढली, परत ओढले आणि ‘बास’ म्हणाले. आप्पा लांब बाकावर बसून होते. त्यांनी काट्याकडे बघून विचारले, ‘काय भाव निघाला?’

पेटीचे काम याहून नाजूक. तिच्या अंगावर एक स्क्रू असतो, तो आवळला की खुंट्या खोबणीत घट्ट बसतात आणि प्ले कमी होतो. पण खोबण मधोमध मुद्दामच थोडी अरुंद घडवलेली असते, कारण सरळ रस्त्यावर जास्तीत जास्त वेळ जातो आणि तिथेच प्ले नकोसा असतो. म्हणून चाके सरळ ठेवूनच स्क्रू आवळायचा. वळलेल्या स्थितीत जो आवळेल, त्याचे स्टेअरिंग सरळ येताना मध्येच जाम होईल. आणि मधोमध ठेवूनही फार आवळले, तर वळण संपल्यावर चाक आपणहून परत येत नाही. ते तिथेच राहते, रुसल्यासारखे. मिस्त्रींनी केसभर जागा सोडली. ‘एवढा लागतो,’ ते म्हणाले. मी आप्पांकडे पाहिले. बैलाच्या मताला शास्त्रात केसभर का होईना, जागा आहे हे ऐकून त्यांचा चेहरा किंचित उजळला.

स्प्रिंगा बसल्यामुळे आस थोडा पुढे कलला होता. त्याखाली लोखंडी पाचर घालून किंगपिनचा माथा पुन्हा मागे कलवला. सायकलचा पुढचा चिमटा असाच तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. जीपला तीन अंश पुरतात. मग पुढच्या दोन्ही टायरांवर खडूने रेघ ओढून मोजले आणि चाके पुढच्या बाजूने एकमेकांकडे दीड-दोन मिलिमीटर वळवली. एवढ्याशाने काय होते, असे मी विचारले. मिस्त्री म्हणाले, ‘टायर टिकतात, ताई.’ माझ्या डोक्यात जी उपमा येऊ घातली होती ती मी परत पाठवली.

मिस्त्री चहाला बसले तेव्हा मला चाके वळवण्याचा इतिहास आठवत राहिला. वळताना आतले चाक लहान वर्तुळावर फिरते आणि बाहेरचे मोठ्या. त्यामुळे आतले जास्त वळायला हवे, नाहीतर एक चाक फरफटते. ही रचना जगभर अ‍ॅकरमनच्या नावाने ओळखली जाते. पण रूडॉल्फ अ‍ॅकरमन होते लंडनचे चित्रांचे आणि पुस्तकांचे प्रकाशक. ती बांधली होती म्युनिकच्या गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर या बग्ग्या बनवणाऱ्या कारागिराने. अ‍ॅकरमन इंग्लंडमधले त्याचे हस्तक. १८१८ मध्ये पेटंट त्यांच्या नावे निघाले आणि कारागीर इतिहासात मागच्या हौद्यात बसला. त्याच्याही साठेक वर्षे आधी लिचफिल्डच्या इरॅस्मस डार्विन या डॉक्टराने, म्हणजे उत्क्रांतिवाल्या डार्विनच्या आजोबांनी, स्वतःच्या बग्गीसाठी हेच सुचवले होते. जुन्या बग्ग्यांचा पुढचा आख्खा आस मधल्या खिळ्यावर वळायचा. त्यामुळे तीव्र वळणावर बग्गी कलंडण्याची भीती असे. रोगी बघायला हा जाडजूड डॉक्टर खराब रस्त्यांवरून मैलोगणती फिरायचा आणि वाटेत विचार करायचा. पेटंट मात्र त्याने घेतले नाही. १७६८ मध्ये गाडीतून पडून त्याने गुडघ्याची वाटी फोडून घेतली आणि पुढे जन्मभर लंगडला. रस्ता काय किंवा कीर्ती काय, वळवणारा एक आणि पोचणारा दुसराच.

काम झाले. आप्पा चाकामागे बसले, मी शेजारी, भाऊ हौद्यात उभा. डांबरी रस्त्याला लागलो, सरळ, रिकामा, दोन्ही बाजूंना ऊस. आणि जीप नागमोडी चालू लागली. आधी कधी इतकी चालली नव्हती. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, पावसात ओढ्याचे पाणी यावे तशी लाटालाटांनी. समोरून दूधवाल्याचा टेंपो येत होता, तो सरळ रस्त्याखाली उतरून थांबला. आप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, सकाळची वेळ. टेंपोवाल्याच्या डोळ्यांत जी शंका होती तिला खोडायला आमच्याकडे शब्द नव्हते.

हात जुनेच होते ना. चार बोटांचा प्ले गाडीतून गेला होता, आप्पांच्या हातांतून गेला नव्हता. ते इमानेइतबारे तेच करत होते : थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे. पूर्वी या हालचाली त्या कोणाचेच राज्य नसलेल्या मुलखात विरून जायच्या. आता प्रत्येकीची अंमलबजावणी होत होती. ‘आप्पा, चाक नुसतं धरून ठेवा,’ मी म्हणाले. ‘धरलंच आहे,’ ते म्हणाले. मी बघितले. त्यांनी खरोखरच चाक घट्ट धरलेले होते. फिरवत नव्हते. आणि तरी ते हलत होते, बारीक, सतत.

तेव्हा कळले. आम्हाला, त्यांना, सगळ्यांनाच एकदम, आणि कोणीच काही बोलले नाही. हा कंप किती वर्षांचा होता कोण जाणे. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे, ते आम्ही थंडीचे समजत आलो. सही आखूड झाली होती, ते घाईचे. आणि गाडीत तर तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता, तो त्या चार बोटांत सुखाने राहत होता. म्हाताऱ्या गाडीने म्हाताऱ्या माणसाचे गुपित इतकी वर्षे पदराखाली झाकले होते. आणि आम्ही गाडी सुधारली.

नारायणगावच्या डॉक्टरांनी वयाचा कंप म्हणून सांगितले, एक गोळी लिहून दिली. घाटात आणि हायवेला जायचे नाही असे ठरले. मळा आणि गावचा बाजार तेवढा उरला. त्यालाही भाऊला नेमके त्याच वेळी त्याच बाजूला काहीतरी काम निघू लागले. आप्पांना ते कळत होते. आपल्या मुलाची कामे अचानक इतकी वाढली याचे त्यांनी कौतुकही केले.

मिस्त्रींनी मात्र वेगळा विचार केला. त्यांनी जीप पुन्हा मागवली आणि टाय रॉड आणि आसाच्या मध्ये एक काळी नळी बसवली. शॉकअ‍ॅब्सॉर्बरसारखी, पण आडवी. तिला स्टेअरिंग डँपर म्हणतात. आत तेल असते आणि एक बारीक भोक. हळू ढकलले तर तेल भोकातून निवांत जाते आणि नळी काही विरोध करत नाही. झटक्याने ढकलले तर तेलाला जायला वेळ मिळत नाही, आणि नळी अडून बसते. खड्ड्यांचे हादरे, चाकांची थरथर या नळीत जिरते. गंमत अशी की तिला हादरा कोणत्या बाजूने आला हे कळत नाही. खालून रस्त्याकडून आलेला असो की वरून हातांकडून, ती दोघांनाही सारखीच अडवते. माणसाने मनात आणून, सावकाश दिलेले वळण तेवढे पुढे जाऊ देते. खरे सांगायचे तर कोणत्याही हुकुमाच्या वाटेवर अशी एक नळी हवी, पण मिस्त्री राजकारणावर बोलत नाहीत.

‘हे कशाला?’ आप्पांनी विचारले.

‘चाकं थरथरत्यात, आप्पा. जुन्या जीपला लागतंच.’

आप्पांनी वाकून नळी पाहिली. तिच्यावर हात ठेवला. मिस्त्री शेजारी उभे होते, पाना पुसत, आवश्यकतेपेक्षा बराच जास्त वेळ. ‘चाकं थरथरायचीच,’ आप्पा म्हणाले. ‘वय झालं तिचं.’

त्या दिवशी जीप सरळ गेली. अगदी ओळंबा लावल्यासारखी नाही. फुगेवाल्याला बाजू निवडता येईल इतकी सरळ. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आता ही मी सांगेन तेवढंच ऐकते. पूर्वी स्वतःचं चार शब्द बोलायची.’ पण तक्रारीत धार नव्हती. बिलाच्या कागदावर डँपर नव्हता. आप्पांनी ते पहिल्या नजरेत ओळखले, कारण हिशेबाच्या बाबतीत त्यांचा डोळा अजून दोन बोटेही चुकत नाही. मिस्त्री म्हणाले, ‘जुना होता, गॅरेजात पडून होता.’ नळीवरचा कंपनीचा कागद अजून सोललेला नव्हता. आप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नारायणगावला कांद्याचे एक पोते पाठवून दिले. वर निरोप : जुना आहे, चाळीत पडून होता.

सगळे इतके गोड चालले असताना भाऊने संध्याकाळी पडवीत विषय काढला. मिस्त्री खाली झोपले असताना त्यांचे लक्ष ब्रेककडे गेले होते. पेडल तीनदा पंप केल्याशिवाय ब्रेक लागत नाहीत, मागच्या डाव्या ड्रमात तर काही उरलेलेच नाही, तेव्हा पुढच्या आठवड्यात गाडी परत...

आप्पांनी कप दोन्ही हातांनी खाली ठेवला.

‘ब्रेकला हात लावायचा नाही,’ ते म्हणाले. ‘चढ बघून गाडी उभी करायची अक्कल मला आहे.’